तिलिस्मातली रिकामी जागा

गेल्या ईदला पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा घरी आला. शीरखुर्मा संपायच्या आतच त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाला, "खाला, हे बघ. यात शायर आहे." तो एका इंग्रजी खेळाच्या नियमांचा ग्रंथ होता. होय, ग्रंथच म्हणावा असा जाडजूड. नाव 'अल-कादिम', साल १९९२, देश अमेरिका. त्यातला 'शाइर' गझल लिहीत नाही, मुशायऱ्यालाही जात नाही. तो जिन्नांना कामाला लावतो. मला हसू आवरेना. अरबीतला हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला, हातात डफ घेतला आणि 'शाहीर' झाला. तोच शब्द समुद्रापार गेला आणि जिन्नांचा मुकादम झाला. आमच्या बीड जिल्ह्यात मुकादम म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

हसून झाल्यावर मात्र मी ते पुस्तक परत दिले नाही. दोन रात्री वाचत बसले. आमच्याच घरातले सामान दुसऱ्याच्या दिवाणखान्यात मांडलेले दिसावे, तसे काहीसे वाटत होते. या लेखातले विचार तिथून सुरू झाले.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक भूमिका घ्यायची. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशी उभे आहात, आतून आवाज येतोय. काय करता?" मग ज्याने त्याने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे. जमेल की फसेल अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. पट नसला तरी चालतो. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, गोष्ट तेवढी पुढे सरकते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने असा पहिला खेळ छापला. आज तो जगभर खेळला जातो आणि त्याचे मूळ नियम २०२३ पासून कुणालाही मोफत वापरता येतात.

त्या पहिल्या छापील खेळात तयार जग असे नव्हतेच. ज्याने त्याने आपापले रचावे, अशी अपेक्षा होती. पुढे मात्र तयार जगांचीच मागणी वाढली. टॉल्किनची मध्यभूमी, हॉवर्डचा कॉनन, मार्टिनचे सात राज्यांचे सिंहासन, जे जे वाचकांना आवडले त्या प्रत्येकाचा टेबलावरचा खेळ झाला. म्हणजे जे लोक स्वतःचे जग रचू शकतात तेच पैसे मोजून दुसऱ्याच्या जगात राहायला जातात. हे असे का होते?

पहिले कारण उघड आहे. ओळखीचे जग समजावून सांगावे लागत नाही. आपल्या तमाशातली गवळण आठवा. मथुरेचा बाजार, दुधाचे माठ, कृष्ण, पेंद्या, मावशी हे सगळे प्रेक्षकाला पाठ असते. पाठ असते म्हणूनच मावशीला ऐनवेळी गावच्या सरपंचाला टोमणा मारता येतो. पाया पक्का असेल तर वर वाटेल तसे नाचता येते. मध्यभूमीचा नकाशा ज्यांच्या डोक्यात आहे, असे सहा जण एकत्र बसले की सूत्रधाराचे निम्मे काम आधीच झालेले असते.

पण माझ्या मते हे कारण अपुरे आहे. नुसती ओळख पुरली असती तर सगळीच आवडती जगे खेळायला चांगली ठरली असती. तसे होत नाही. टॉल्किनचेच बघा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये आली. मराठीत ती मुग्धा कर्णिक यांनी आणली. ते जग इतके भरगच्च आणि त्याची गोष्ट इतकी पुरी झालेली आहे की खेळणाऱ्याने आत जाऊन करायचे काय, हा प्रश्न पडतो. अंगठी न्यायचे काम फ्रोडोचे, गादी अ‍ॅरागॉर्नची. तुम्ही-आम्ही तिथे फार तर घोडे धरायचे. खेळ रचणाऱ्यांनी यावर जी युक्ती काढली ती मला साहित्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. मध्यभूमीवरचा १९८४ चा खेळ त्या जगाच्या कालगणनेत तिसऱ्या युगाच्या १६४० सालाच्या आसपास मांडला गेला, म्हणजे अंगठीच्या युद्धाच्या जवळपास १४०० वर्षे आधी, एका मोठ्या महामारीनंतर, गावे ओस पडलेली असताना. २०११ मधल्या 'द वन रिंग' या खेळाने २९४६ साल निवडले. 'हॉबिट'मधली लढाई संपून पाच वर्षे झालेली, मोठे युद्ध अजून सत्तर वर्षे दूर. दोघांनीही टॉल्किनच्या पानांत जागा शोधली ती त्याने न लिहिलेल्या काळात. म्हणजे जगाचे वैभव खेळणाऱ्याला दारापर्यंत आणते हे खरे, पण त्याला बसवून घेते ती लेखकाने मोकळी सोडलेली जागा.

हा निकष हाती धरून आता आपण स्वतःकडे बघू. 'आपण' म्हणजे मराठी बोलणारे, उर्दू वाचणारे, दखनीत भांडणारे मुसलमान. या जगांत आपल्याला बसायला जागा कुठे आहे?

टॉल्किनच्या नकाशात दक्षिणेला आणि पूर्वेला जे लोक राहतात ते सावळे आहेत, हत्तींवरून लढायला येतात आणि सॉरॉनच्या बाजूने लढतात. त्यांची भाषा, त्यांची घरे, त्यांच्या आया आपल्याला कधीच दिसत नाहीत. टॉल्किनवर सरसकट शिक्का मारायची मला घाई नाही, कारण त्यानेच एक प्रसंग असा लिहिला आहे की त्यापुढे थांबावे लागते. दक्षिणेचा एक सैनिक सॅमच्या समोर मरून पडतो. सॅमला प्रश्न पडतो, याचे नाव काय असेल, हा कुठला असेल, मनाने खरेच दुष्ट असेल की धमक्या आणि थापा देऊन त्याला एवढ्या लांब आणले असेल? काही ओळींचा प्रसंग, मग गोष्ट पुढे निघून जाते. ते मढे तिथेच राहते. माझ्या हिशेबी आपली जागा तिथे आहे. पण मरून पडलेल्या माणसाची भूमिका घेऊन खेळता येत नाही.

'अल-कादिम'मध्ये उलट सगळेच आपले. जेफ ग्रब या रचनाकाराने जखारा नावाचा एक अख्खा प्रदेश अलिफ-लैलाच्या मालमसाल्यावर उभा केला. पाहुणचार आहे, खाल्ल्या मिठाला जागणे आहे, सगळ्यांच्या वर नशीब आहे. टिंगल कुठेच नाही, जिव्हाळाच आहे, हे मान्य केले पाहिजे. १९७९ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या एका मुख्य पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लालभडक इफ्रीत राक्षस म्हणून उभा होता. त्या मानाने ही प्रगतीच. तरीही जखाऱ्यात फिरताना मला दूरदर्शनवरच्या 'अलिफ लैला' मालिकेची आठवण येत राहिली. सगळीकडे रेशीम, सगळीकडे कमानी, पण सकाळी उठून दूध घालायला निघालेला माणूस दिसत नाही. आपले घर तिथे आहे, पण सणाच्या दिवशीचे. रोज राहायला कुणी जाऊ शकत नाही.

आता ज्या माणसाविषयी लिहायला मी तीन वेळा कागद फाडला, त्याच्याकडे येते.

माझ्या शाळेशेजारच्या मराठी शाळेतल्या एक शिक्षिका उर्दू शिकू इच्छित होत्या. प्रौढांना उर्दू शिकवायचे शिस्तशीर पुस्तक शोधताना मला १९६७ चा 'अ कोर्स इन उर्दू' सापडला. मुख्य लेखक मुहम्मद अब्दुर्रहमान बार्कर. माझ्या बी.एड.च्या अभ्यासात भाषा शिकवण्याच्या जितक्या पद्धती वाचल्या त्यांपेक्षा या पुस्तकाने मला जास्त दिले. वाक्यरचना, बोलीतले वळण, आदराची रूपे सगळे पायरीपायरीने. मी धडे उतरवून घेतले आणि शिकवू लागले. भाच्याच्या मोबाईलमध्ये या खेळांचा इतिहास चाळताना तेच नाव पुन्हा समोर आले. हाच तो माणूस.

१९२९ मध्ये अमेरिकेत जन्मलेला फिलिप बार्कर १९५१ मध्ये शिष्यवृत्तीवर भारतात आला आणि इथेच त्याने इस्लाम स्वीकारला. पुढे अमेरिकेतल्या क्लामाथ आदिवासींच्या भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश लिहिला, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात आणि नंतर मिनेसोटात उर्दू शिकवली, बलुचीचेही पाठ्यपुस्तक केले. आणि लहानपणापासून मनात वाढवलेले एक जग त्याने १९७५ मध्ये खेळाच्या रूपात छापले. जगाचे नाव टेकुमेल, खेळाचे नाव 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघून एकच वर्ष झाले होते. संपूर्ण जगासकट छापलेला पहिला महत्त्वाचा खेळ म्हणून याच्याकडे बघितले जाते.

टेकुमेल वाचताना उर्दूच्या शिक्षकाला घरच्या खुणा सापडतात. युरोपातले किल्ले आणि सरदार इथे नाहीत. लोखंड दुर्मीळ, म्हणून चिलखते एका प्राण्याच्या कातड्यापासून घडवलेली. घराणी, कुळे, अदब आणि इज्जत यांवर सगळा व्यवहार. तिथल्या त्सोल्यानी भाषेवर उर्दू आणि पश्तोची छाया आहे, अमेरिकेतल्या माया आणि नाहुआत्ल भाषांचीही आहे. समोरच्याला 'तू' म्हणावे की 'आप', याच्या तर तिथे कितीतरी पायऱ्या. चुकीचे संबोधन वापरले तर जिवावर बेतू शकते. सगळ्यात छान म्हणजे खेळणाऱ्याचा प्रवेश. तुम्ही परदेशी म्हणून होडीतून जकाल्ला बंदरात उतरता. परक्यांच्या वस्तीत तुम्हाला ठेवले जाते. कुणाशी कसे बोलावे हे तुम्हाला ठाऊक नाही. लोक तुम्हाला रानटी समजतात. हळूहळू शिकत शिकत आत जायचे. वर मी ज्या मोकळ्या जागेविषयी बोलले ती बार्करने दारातच ठेवली होती, आणि ती परक्या माणसासाठी ठेवली होती. हे वाचून मला त्याच्याविषयी जे प्रेम वाटले ते मी लपवत नाही.

बार्कर २०१२ मध्ये वारला. मार्च २०२२ मध्ये त्याचे लेखन सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशनने स्वतः जाहीर केले की १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली 'सर्पंट्स वॉक' ही कादंबरी बार्करचीच आहे. ती एका नव-नाझी संघटनेच्या प्रकाशनसंस्थेने काढली होती. हिटलरच्या एसएस दलाचे वारस पुढच्या शतकात पुन्हा डोके वर काढतात आणि कादंबरी त्यांच्या बाजूने उभी राहते. एवढेच नव्हे, यहुद्यांचा संहार झालाच नाही असे सांगणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर या प्राध्यापकाचे नाव वर्षानुवर्षे होते.

इथे आपल्या वाचकांशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ही हकीकत मी दोन-तीन ठिकाणी सांगितली तेव्हा एका शिकलेल्या गृहस्थांनी मला विचारले, "यहुद्यांविरुद्धच लिहिले ना त्याने? मग तुम्हाला एवढे का लागते?" हे वाक्य मला कादंबरीपेक्षा भयंकर वाटले. पॅलेस्टाइनचे दुःख आपल्या सगळ्यांना आहे, पण ज्याला भट्ट्यांत जाळलेली माणसे खोटी वाटतात त्याला आपली माणसे खरी वाटतील, ही आशा भाबडी आहे. त्याने आपला धर्म घेतला, आपली भाषा घेतली, आपल्या अदबीच्या पायऱ्या घेतल्या. तरीही गोऱ्या वंशाच्या राज्याचे स्वप्न तो रंगवू शकला. एखाद्या लोकांची भाषा येणे आणि ते लोक आपल्या बरोबरीचे वाटणे, या दोन गोष्टी एकमेकींपासून किती लांब राहू शकतात! आम्ही भाषेचे शिक्षक आयुष्यभर याच्या उलट समजत आलो.

मग टेकुमेलचे काय करायचे? काही जण म्हणतात, लेखक वेगळा, जग वेगळे. मला हे इतके सोपे वाटत नाही. मी त्याचे जग पुन्हा वाचले, आणि पहिल्या वाचनात जे शिस्तीचे सौंदर्य वाटले होते, प्रत्येकाची उतरंडीत ठरलेली जागा, गुलामांचे बाजार, ते दुसऱ्या वाचनात नुसते सौंदर्य राहिले नाही. परक्याला दार उघडे होते, पण आत गेल्यावर ती उतरंड मान्य करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाठ्यपुस्तकाचे म्हणाल तर धडे मी अजून वापरते. त्यात त्याच्याबरोबर तीन उर्दूभाषक सहलेखकांची मेहनत आहे. माझ्या विद्यार्थिनीबाईंना मात्र सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "अलिफ-बे त्याच्या बापाची थोडीच आहे!"

खरे आहे. आणि अलिफ-बे आपली आहे तशी आणखी एक मोठी इस्टेटही आपली आहे. तिच्यावर आपण पाणी सोडले आहे. 'तिलिस्म-ए-होशरुबा'.

लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ ते १८९३ या काळात होशरुबाचे खंड काढले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. तो अमीर हमजाच्या दास्तानचा एक भाग. ती सगळी दास्तान छापून झाली तेव्हा ४६ खंड भरले होते. अफरासियाब हा जादूगारांचा बादशहा. त्याच्या तिलिस्माचे तीन भाग आहेत, जाहिर, बातिन आणि जुल्मात, म्हणजे दिसणारा, लपलेला आणि अंधाराचा. मधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर परींचा पूल आहे. प्रत्येक तिलिस्माला नियम असतात, तो तोडण्याची रीत एका लौहवर, म्हणजे पाटीवर लिहिलेली असते, आणि ती पाटी मिळवल्याशिवाय काही चालत नाही. अम्र अय्यारच्या खांद्यावरच्या जंबीलमध्ये अख्खी शहरे मावतात. आजच्या अमेरिकन खेळातली अथांग पिशवी मी पाहिली तेव्हा अम्र अय्यारच आठवला. नकाशा, नियम, वेशांतर, सापळे, गुप्त दारे, टेबलावरच्या खेळाला जे जे लागते ते सगळे या दास्तानीत शंभर वर्षे आधी तयार होते.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारदरबारची आणि शिक्षणाची भाषा उर्दू. माझ्या आजोबांच्या पिढीला अम्र अय्यार तोंडपाठ होता. माझ्या पिढीने २००३ च्या सुमारास टीव्हीवर 'हातिम' पाहिला. आता माझ्या वर्गातल्या मुलांना हॅरी पॉटर माहीत आहे, बाहुबली माहीत आहे, अर्तुगरुल तर विचारूच नका. अम्र अय्यार चाळीसपैकी एकालाही ठाऊक नव्हता. सोलापूरला १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण आपले वास्तव लिहितो आहोत. हमीद दलवाईंची 'इंधन' तर त्याच्याही २५ वर्षे आधीची. ते लिहिणे गरजेचे होते आणि आहे. पण अद्भुताला आपण 'बाजारू' म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले, ही चूक झाली असे मला वाटते. मुलांनी ती भूक दुसरीकडे भागवली.

अर्थात दास्तानलाही डोळे झाकून खांद्यावर घेता येणार नाही. तिथेही आपले 'दक्षिणेचे सैनिक' आहेतच. होशरुबातले साहिर सामरी आणि जमशेदला पुजतात आणि ढिगाने मरतात. जे इमान आणतात ते आपल्या फौजेत येतात. मेलेल्यांचे नाव कुणी विचारत नाही. दुसरी अडचण अशी की तिलिस्म कोण फोडणार हे आधीच ठरलेले. हमजाचा नातू असद. नशिबात त्याचेच नाव. म्हणजे इथेही मोठी गादी आधीच भरलेली, टॉल्किनसारखीच.

तरी मी करून पाहिले. शनिवारची अर्धी शाळा, शेवटचा तास, सातवी-आठवीची बारा मुले-मुली. वर्षाआधी सहलीला दौलताबाद पाहून आलो होतो, तेव्हा किल्ल्यातल्या 'अंधारी'त, त्या वटवाघळांच्या काळ्या भुयारात, मुले जी किंचाळली होती ती अजून कानात होती. म्हणून अफरासियाबचा तिलिस्म मी दौलताबादच्या पोटात ठेवला. असदला रजा दिली. बारा जण बारा अय्यार. पहिल्याच दिवशी चार मुलांनी "मैं अर्तुगरुल" म्हणून हात वर केले. मी म्हटले, बरे, चौघेही अर्तुगरुल, मग भुयारात पुढे कोण जाणार? चौघेही मागे सरले आणि एक बारकी मुलगी म्हणाली, "मैं जाती टीचर, मेरेकू अंधारे का डर नै." अर्तुगरुलच्या मालिकेवर माझा राग नाही, आमच्या घरातही बघितली. पण त्या जगात एक सरदार असतो आणि बाकीचे त्याच्या मागे तलवारी उपसतात. अय्याराला तलवारीचे काम कमी. तो वेश बदलतो, बोली बदलतो, समोरच्याला फसवतो. दखनी, उर्दू आणि मराठी एकाच दिवसात बोलणाऱ्या मुलांना हे लगेच जमले.

फाशांवरून आमच्या घरातल्या बुजुर्गांनी नाराजी दाखवली. नर्द खेळणे नापसंत आहे, हे त्यांचे म्हणणे मी टाळले नाही. फासे काढून टाकले आणि डब्यातल्या चिठ्ठ्या आणल्या. अमेरिकेतही १९८० च्या दशकात हा खेळ सैतानाचा म्हणून आई-बाप आणि पाद्री उठले होते, हे त्यांना सांगितल्यावर त्यांना बरेच समाधान वाटले.

तिसऱ्या शनिवारी मुलांनी एका साहिर पहारेकऱ्याला फसवून खंदकात ढकलले. सगळे ओरडले. ती बारकी मुलगी मात्र विचारत राहिली, "टीचर, उसका नाम क्या था?" माझ्याकडे नाव नव्हते. मी टॉल्किन वाचलेली, सॅमचा प्रश्न पाठ असलेली बाई, आणि माझ्याच पहारेकऱ्याला मी नाव दिले नव्हते. पुढच्या शनिवारपासून नियम झाला की साहिरांनाही नाव, गाव आणि घरी वाट बघणारे कुणीतरी असेल. खेळ त्याने मंदावला. चार मुलांना कंटाळाही आला, तो त्यांनी बोलून दाखवला. मी नियम बदलला नाही.

दिवाळीनंतर वर्गातला एक मुलगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. उचल आधीच घेतलेली, थांबता येत नव्हते. तो जाणार हे कळल्यावर मुलांनी विचारले, त्याच्या अय्याराला मारायचे का? दास्तानगोईत 'दास्तान रोकना' हे मोठे कसब समजले जाई. ऐकणारा मालक बाहेरगावी गेला तर तो परतेपर्यंत दास्तानगो तोच प्रसंग लांबवत ठेवायचा, गोष्ट पुढे जाऊ द्यायची नाही. मी मुलांना हे सांगितले. त्यांनी ठरवले की त्याचा अय्यार चिनी महालात कैद झाला. गोवळकोंड्याच्या तानाशाहला औरंगजेबाने कैदेत ठेवले तोच तो महाल. मग बाकीच्या अकरा जणांनी पाच महिने त्या महालाभोवती चकरा मारल्या. पहारेकऱ्यांशी दोस्ती केली, भाकरी आत पोचवली, खोटी पत्रे लिहिली. आत कुणीच शिरले नाही.

कारखान्याचा पट्टा पडला आणि एप्रिलमध्ये तो परत आला. हाताला कोयत्याचे व्रण, उंचीने बोटभर वाढलेला. मी सुटकेचा बेत दोन आठवडे बसून रचला होता. वेशांतर, दोरी, आतून उघडणारे दार, सगळे वहीत लिहून ठेवले होते. मुले त्याला पाच महिन्यांचे सगळे एकदम सांगू लागली. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मैं तो दिवालीकेच निकल गया था वहाँ से. पहारेवाले की गाडी में, ऊस के नीचे." मग तो कसा निघाला, रस्त्यात कोण भेटले, कोणत्या गावात पाणी मिळाले आणि कुठे हाकलून दिले, हे त्याने पाऊण तास सांगितले. माझ्या वहीतली चार पाने फुकट गेली.